सिराच्या गावी: टूर घेऊ नका, आणि आंप्वीचा चढ दुपारी तर अजिबात नको

फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यात, उत्तर रोनला, सिरा या रेड वाईनच्या द्राक्षाचे मळे बघायला जाणाऱ्यांसाठी लिहितेय. जायच्या आधी जिथे जिथे वाचलं तिथे 'मळ्यांतून रमतगमत चालायचं' असंच होतं, आणि ते लिहिणारे आंप्वी या चढावरच्या मळ्यांच्या गावी गाडीतून खाली उतरले असतील असं मला तरी वाटत नाही.

ल्योंहून व्हिएनला ट्रेनने अर्धा तास. गावात रोमन देऊळ आणि थिएटर आहे, छान आहे, बघून घ्या. जूनअखेर ते जुलै तिथे जॅझ फेस्टिव्हल असतो, तेव्हा खोली मिळणं अवघड. आंप्वीला मात्र ट्रेन नाही, नदी ओलांडून दक्षिणेला सातेक किलोमीटर, बसच्या वेळा आदल्या दिवशीच बघून ठेवा आणि रविवारच्या भरवशावर राहू नका.

आता तो चढ. गावातून वर बघितलं की कोत-रोती या सिराच्या वाईनचे मळे अगदी डोक्यावर आल्यासारखे दिसतात, काही ठिकाणी उतार इतका तीव्र की मशीन चालतच नाही, नांगरायचं असेल तर वरून विंचने केबल ओढतात नाहीतर सरळ माणूस आणि कुदळ. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं त्यावर जाऊ नका. सावली शून्य, दगडी बांधांनी दिवसभर ऊन शोषलेलं, आणि पायाखाली अभ्रकाचा चुरा झालेला सुटा दगड, बुटांना चिकटून चमचम करतो आणि उतरताना तोच घसरवतो. चढताना दम लागतो पण उतरताना गुडघे जातात, सिंहगड नेहमी करणाऱ्यांचेही. वेलींच्या ओळींमधून शॉर्टकट मारू नका, खाजगी जमीन आहे, शिवाय बांध नुसते दगडावर दगड रचलेले, पाय पडला की सुटतात. डांबरी रस्त्यानेच उतरा. सकाळी आठला सुरू करा, दोन लिटर पाणी न्या, वर काही मिळत नाही.

पण वर पोचल्यावर एका वेलीपाशी बसून नीट बघा. तारा नाहीत, प्रत्येक वेल लाकडी खांबांना बांधलेली, ते खांब वरच्या टोकाला एकमेकांवर टेकवलेले, कारण उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटला की बाकी काही टिकत नाही. हे सगळं 1970 च्या आसपास जवळजवळ संपलं होतं, एवढ्या कष्टाला भाव मिळत नव्हता, लोक खाली सपाटीवर भाजी-फळं लावत होते. आज तीनशे हेक्टरच्या वर लागवड आहे आणि चांगली बाटली चाळीस-पन्नास युरोच्या खाली मिळत नाही. तो चढ केल्यावर मला ती किंमत महाग वाटेना, हे थकव्याने असेल.

टूरबद्दल. ल्योंहून अर्ध्या दिवसाची मिनीव्हॅन, माणशी 120 युरो, आणि एका वेलीला हात लावायला मिळाला नाही. दोन दुकानं, ग्लासात चमचाभर वाईन, आणि वर गाईडने ठोकून दिलं की सिरा धर्मयुद्धावरून परतलेल्या सरदाराने इराणच्या शिराझहून आणलं. अहो, 1998 मध्ये डीएनए तपासून झालंय, सिराचे आईबाप दोन्ही फ्रेंच, आर्देशकडचं द्युरेझा आणि साव्वाकडचं मोंदझ ब्लांश. नाशिकला आपण शिराझ म्हणून जी रेड पितो तीही हीच. 120 युरोत हे तरी खरं सांगा!

त्याच पैशात ट्रेनने तां-लेर्मिताज करा, ल्योंहून तासभर. स्टेशनातून बाहेर पडलात की एर्मिताजची टेकडी समोरच, वर छोटं चॅपेल, आंप्वीच्या मानाने चढ काहीच नाही. पश्चिमेची बाजू ग्रॅनाइटची, तिथलं सिरा कडक, पूर्वेकडे माती बदलते आणि मार्सान, रुसान ही पांढरी द्राक्षं दिसायला लागतात. एकोणिसाव्या शतकात बोर्दोवाले आपली पातळ वाईन दमदार करायला इथली वाईन बिनदिक्कत मिसळायचे, आता कोणी कबूल करणार नाही. गावात 1933 ची सहकारी केव्ह (वाईनरी) आहे, चव तिथे घ्या. एर्मिताजच्या किमती बघून घाबरू नका, शेजारच्या भागातली क्रोझ-एर्मिताज किंवा नदीपलीकडची सें-जोझेफ वाईन घ्या, द्राक्ष तेच आणि पैसे निम्म्याहून कमी. नदीपलीकडच्या तूर्नों गावाला जायला पादचारी पूल आहे, तिकडे जेवण बरं मिळतं.

छोट्या शेतकऱ्यांकडे जायचं तर आधी ईमेल करा. दुपारी बारा ते दोन दार उघडणार नाही, आणि सप्टेंबरात तोडणी असते तेव्हा कोणाला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो.

बाटल्या चेक-इन बॅगेतच टाका, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. त्या दोन्ही सिराच्या आणा. शेजारच्या कोंद्रिएची विओनिए ही पांढरी वाईन तिथेच थंड करून पिऊन टाका, ती ठेवायची वाईनच नाही.