बुकमार्कची आवराआवर आणि हातातली एक फाइल

फोनवर चुकून बुकमार्कचा (ब्राउझरमध्ये जपलेल्या लिंकांचा) एक फोल्डर उडाला की थोड्या वेळात तो लॅपटॉपवरूनही जातो. सिंकचं कामच ते, सगळीकडे सारखं ठेवायचं. भर पडली तर भर, पुसलं तर पुसलेलं. म्हणून ‘क्रोमला लॉगिन आहे, सगळं सेव्ह आहे’ या भरवशावर राहू नये. लिंका साठवणाऱ्या ऑनलाइन साधनांचंही फार वेगळं नाही. एक्समार्क्स मे २०१८ मध्ये बंद झालं, गूगल बुकमार्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये, ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी. साधन जरूर वापरा, पण मूळ प्रत स्वतःच्या डिस्कवर हवी.

ती प्रत काढायला मिनिटही लागत नाही. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबलं की बुकमार्क मॅनेजर उघडतो. वरच्या तीन टिंबांत एक्स्पोर्ट. मिळते ती एचटीएमएल फाइल. हा नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या जमान्यातला साचा, पण आजही जवळपास प्रत्येक ब्राउझर आणि प्रत्येक साधन तो वाचतं. शंभर-दोनशे लिंकांची फाइल अपेक्षेपेक्षा बरीच जड दिसली तर घाबरू नका, प्रत्येक साइटचं छोटं चिन्हही त्यात कोंबलेलं असतं. फायरफॉक्समध्ये याच तीन कळांनी लायब्ररी उघडते आणि तिथे दोन वेगळे पर्याय आहेत: ‘बॅकअप’ म्हणजे जेसन फाइल आणि ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे एचटीएमएल. फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जेसनवरून ‘रिस्टोअर’ केलं की आत्ताचे सगळे बुकमार्क जाऊन जुने येतात. एचटीएमएल ‘इम्पोर्ट’ केली की आहेत त्यांच्यात भर पडते. घाईत उलटं दाबणारे बरेच असतात.

आता साधन. उदाहरणाला रेनड्रॉप घेऊ, कारण त्याच्या फुकट योजनेत बुकमार्कच्या संख्येला मर्यादा नाही. सेटिंग्जमध्ये इम्पोर्ट, तिथे ती एचटीएमएल फाइल द्यायची. पण त्याआधी, ब्राउझरमध्येच, झाडलोट करा. कचरा एकदा वर चढला की तो उपसायची सोय बहुतेक साधनांत पैसे घेऊन मिळते. रेनड्रॉपमध्येही एकच लिंक दोनदा शोधणं आणि मेलेल्या लिंका शोधणं या गोष्टी प्रो योजनेतच आहेत.

दुहेरी लिंका येतात कुठून? एकच लेख व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडला आणि फेसबुकवरून उघडला, तर पत्त्याला वेगवेगळी शेपटं लागतात. प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ (utm) किंवा ‘एफबीसीएलआयडी’ (fbclid) दिसलं की तो भाग बेलाशक उडवा. मात्र प्रश्नचिन्ह दिसलं की सरसकट कात्री चालवू नका: यूट्यूबच्या पत्त्यात व्हिडिओचा क्रमांकच त्या चिन्हानंतर असतो. सरकारी पोर्टलची लॉगिननंतरची आतली पानं जपून ठेवण्यातही अर्थ नाही. सेशन, म्हणजे त्या लॉगिनची मुदत, संपलं की ती लिंक बहुधा मेली. मुखपृष्ठाचीच खूण ठेवावी.

मेलेल्या लिंका तपासणाऱ्या यंत्रावरही डोळे झाकून विश्वास नको. काही साइट यंत्राला दारातूनच परत पाठवतात, लॉगिन मागणाऱ्या साइट तर बऱ्याचदा. मग चांगली लिंकही ‘तुटलेली’ ठरते. पुसण्याआधी हाताने उघडून बघा. खरंच मेली असेल तर पत्ता वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) टाका, जुनी प्रत सापडली तर तिचा पत्ता साठवा.

फोल्डर कमी ठेवा, सात-आठ पुरेत, बाकीचं टॅगवर, म्हणजे लिंकला लावायच्या शब्दखुणांवर, सोडा. मराठी टॅगमध्ये एक खोच आहे. ‘सऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटू शकतात, आणि शोधताना निम्मे बुकमार्क हाती लागत नाहीत. टॅग दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडावा. ‘पाककृती’, ‘पाकक्रिया’, ‘रेसिपी’ असा संसारही एकाच शब्दावर आणावा.

खाजगी गोष्टी वर चढवू नका: ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशी कागदपत्रं, पासवर्ड बदलण्याच्या लिंका. कलेक्शन (रेनड्रॉपमधला फोल्डर) सार्वजनिक केलं की ती चावी दारालाच लटकवल्यासारखी.

महिन्यातून एकदा साधनातून दोन्ही एक्स्पोर्ट घ्या. एचटीएमएल ब्राउझरमध्ये परत भरायला, सीएसव्ही (तक्त्याची साधी टेक्स्ट फाइल) टॅग आणि टिपांसाठी, कारण क्रोमला टॅग कळतच नाहीत. सीएसव्हीवर डबल-क्लिक केलंत तर एक्सेलमध्ये मराठीऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसतील. फाइल बिघडलेली नाही, एक्सेलने ती चुकीच्या संकेतावलीत उघडली आहे. तशीच सेव्ह केलीत तर मात्र बिघडेल. बंद करा, रिकामी शीट उघडा, ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही घ्या आणि यूटीएफ-८ निवडा.

एचटीएमएल फाइल नीट आहे का हे तपासायला ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून प्रत्येक लिंकच्या आधी येणारं ‘एचआरईएफ’ (HREF) किती वेळा येतं ते मोजा; तो आकडा साधारण बुकमार्कच्या संख्येइतका हवा. मग क्रोममध्ये नवी प्रोफाइल काढून, सिंक न लावता, तिथे इम्पोर्ट करा. बुकमार्क बार रिकामा असेल तर सगळं थेट बारवर येतं, नसेल तर वेगळ्या फोल्डरात. फाइल दोनदा भरली की सगळं दुप्पट, तेव्हा ‘झालं की नाही’ म्हणून पुन्हा दाबू नका.