लिनिया टी-जेटचा बूस्ट ताब्यात आणताना

रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेल्या माझ्या फियाट लिनिया टी-जेटचे 1,368 सीसीचे टर्बो-पेट्रोल इंजिन स्वतंत्र ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या वेगळ्या संगणकावर, घेतल्यानंतर इंधन आणि इग्निशनची घडी लवकर बसली. वेळ गेला तो बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब, ताब्यात आणण्यात. आमच्या मेकॅनिककाकांचे म्हणणे पहिल्यापासून स्पष्ट होते, "आधी स्प्रिंग काय करते ते पाहू, लॅपटॉप मग उघडा."

वेस्टगेट ही टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट वायू सोडणारी झडप; बूस्टच्या दाबाने दांडा ढकलून ती उघडतो तो अ‍ॅक्च्युएटर. त्यातील स्प्रिंग ज्या दाबाला दबते, त्याहून कमी बूस्ट कोणताही सोलेनॉइड (अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारा दाब वळवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) देऊ शकत नाही. तो बूस्ट फक्त वाढवू शकतो. म्हणून 0.5 बारच्या स्प्रिंगचा अ‍ॅक्च्युएटर बसवून काकांनी त्याला हातपंप आणि गेज जोडले. दांडा 0.4 बारच्या आसपासच हलू लागला, तेव्हा त्यांनी नट अर्धा-अर्धा आटा फिरवत दांड्याची लांबी कमी केली आणि झडप 0.5 ला सुटेपर्यंत ताण वाढवला. दाब सोडताच झडप टक् आवाज करून जागेवर बसू लागली, तेव्हा कुठे त्यांनी चेकनट आवळला.

तीन तोंडांचा सोलेनॉइड जोडताना पथ्य एकच : वीज नसेल तेव्हा टर्बोचा दाब थेट अ‍ॅक्च्युएटरला मिळाला पाहिजे, म्हणजे वायर तुटली तरी बूस्ट स्प्रिंगवरच थांबतो. कोणते तोंड कुठले, हे आम्ही चक्क फुंकून ठरवले; बारा व्होल्ट देताच हवेची वाट बदलते, ती जिभेला कळते. उरलेले तोंड एअर फिल्टरनंतरच्या पाइपला गेले.

ईसीयूतील मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा धरून एकूण, दाब दाखवतो आणि डॅशवरचे गेज वातावरणाच्या वरचा दाब, हा फरक पुण्यात विसरून चालत नाही. इथे हवेचाच दाब सुमारे 95 किलोपास्कल असल्यामुळे 0.8 बार, म्हणजे 80 किलोपास्कल, बूस्टचे लक्ष्य म्हणजे एकूण 175. तेच 175 महाबळेश्वरला मागितले, तर तिथल्या सुमारे 86 वरून टर्बोला दाब 1.84 ऐवजी 2.03 पट करावा लागतो, म्हणजे त्याला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून उंचीनुसार लक्ष्य उतरवणारा तक्ता मी आधीच भरला. दाब हाताबाहेर गेला तर इंधन तोडण्याची मर्यादा 195 वर ठेवली.

डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पहिली धाव शून्य ड्यूटीवर झाली; ड्यूटी म्हणजे सोलेनॉइडला किती टक्के वेळ वीज मिळते ते. बूस्ट 0.5 वर येऊन सहा हजार आरपीएमपर्यंत तिथेच राहिला. तो चढत गेला असता, तर वेस्टगेटचे भोक अपुरे आहे असा अर्थ निघाला असता आणि त्यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. पुढे ड्यूटी पाच-पाच टक्क्यांनी वाढवत प्रत्येक धावेनंतर नॉक (इंधनाचा अवेळी भडका) आणि हवा-इंधनाचे मिश्रण तपासले. सेकंदाला तीस वेळा, म्हणजे तीस हर्ट्झवर, उघडमिट करणारा आमचा सोलेनॉइड साधारण वीस टक्क्यांखाली काहीच करत नव्हता. कुणाच्या तरी गाडीतला तयार तक्ता मागून घेणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण होजची लांबी बदलली तरी हे आकडे बदलतात.

ड्यूटीचा मूळ तक्ताच लक्ष्याच्या जवळ नेऊ लागल्यावर क्लोज्ड लूप, म्हणजे मोजलेला दाब पाहून ईसीयूने स्वतः ड्यूटी सुधारणे, सुरू केला. आधी फक्त प्रपोर्शनल (चुकीच्या प्रमाणात सुधारणा) ठेवला. इंटिग्रल (साचत गेलेल्या चुकीवरची सुधारणा) वाढवताच दाब 190 पर्यंत उसळून मग खाली येऊ लागला. इंटिग्रल निम्म्यावर आणला आणि लक्ष्याच्या 20 किलोपास्कल आत आल्यावरच लूप जागा होईल असे ठरवले, तेव्हा उसळी 178 वर थांबली. डेरिव्हेटिव्हला (चूक किती वेगाने बदलते त्यावरच्या सुधारणेला) मात्र हात लावावा लागला नाही.