न मारलेला हत्ती

शहापुरात काकांच्या सोप्यावर पावसाळ्यात बुद्धिबळाचा पट मांडला की उठायची घाई कुणालाच नसते. बाहेर बेळगावचा पाऊस, आत वाफाळता चहा. परवा काकांनी हत्ती सरळ माझ्या वजिराच्या तोंडी आणून ठेवला. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. काका आणि फुकट हत्ती?

"कशाला एवढा विचार करालायस? खेळ की!"

यानं तर संशय पक्काच झाला. हत्तीला हात न लावता मी भलतंच प्यादं सरकवलं आणि थोड्या वेळात मात खाऊन घरी आलो.

मोबाइलवर तो डाव मांडला. यंत्र क्षणात म्हणालं, हत्ती मार. त्याला काका माहीत नाहीत ना!

तसं यंत्रालाही सगळं दिसत नाही. पहिल्या खेळीला पांढऱ्याकडे २० पर्याय. काळ्यानं उत्तर दिलं की ४००. दोघांच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की १,९७,२८१ वाटा. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५० मध्ये अख्ख्या डावांचा अंदाज मांडला, तो एकावर १२० शून्यं एवढा. आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा संगणक 'डीप ब्लू' सेकंदाला २० कोटी स्थिती तपासायचा, तरी हे रान त्याच्यानंही संपणारं नव्हतं.

माणूस रानात शिरतच नाही. आई गणपत गल्लीत भाजीवालीपुढं उभी राहते तेव्हा मराठी बोलायचं, कन्नड की कोकणी, हे चेहरा बघूनच, समोरची तोंड उघडायच्या आत ठरलेलं असतं. कधी वाक्य मराठीत सुरू होतं आणि दरापाशी येऊन कन्नड 'एष्टु?' (किती?) होतं. कसं ठरवलंस विचारलं तर म्हणते, "त्यात काय ठरवायचं?"

पण चेहरे वाचायची ही सवय पटावर दगा देते. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लूविरुद्धच्या दुसऱ्या डावात जगज्जेत्या कास्पारोव्हनं हार मानली. सतत शह देत राहून तो डाव बरोबरीत सोडवता आला असता, असं नंतर जाणकारांनी म्हटलं. चेहराच नसलेल्या यंत्रावर त्यानं एवढा विश्वास ठेवला, की यानं ही पळवाट मोकळी सोडली असेल असं त्याला वाटलंच नसावं. सहा डावांची ती लढत तो ३.५–२.५ अशी हरला. (माझी तुलना त्याच्याशी नाही, पण हत्तीच्या बाबतीत थोडी आहेच.)

रविवारी न राहवून काकांना विचारलं, "काका, त्या दिवशी हत्ती मारला असता तर पुढं काय करणार होता?"

काकांनी सोंगट्या मांडता मांडता मान वर केली.

"कुठला हत्ती?"