सीताबर्डीचा किल्ला: तीन दिवस उघडा, एरवी फाटकावरूनच परत

आधी हे वाचा, मग गाडीचं रिझर्वेशन करा. नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला रोज खुला असतो असं इंटरनेटवर जिथे जिथे लिहिलंय, ते साफ चूक आहे. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला आत सोडतात ते वर्षातून तीनच दिवस: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. एरवी "लांबून आलोय" म्हणून फाटकावर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही. वेळ आणि कुठल्या फाटकातून प्रवेश, हे त्या त्या वेळच्या स्थानिक पेपरांत बघा, जुन्या माहितीवर विसंबू नका.

तिन्हींत 26 जानेवारी निवडा. 1 मे ला नागपूरचा पारा सहज चाळिशीच्या वर असतो आणि मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन त्या उन्हात रांगेत उभं राहणं हा शुद्ध छळ आहे. 15 ऑगस्टला पावसाने दगड निसरडा होतो, चप्पल घालून जाऊ नका. आधार कार्ड जवळ ठेवा, पिशव्या खोलीवरच ठेवून या. फोटोबद्दल जवान सांगतील तेच ऐकायचं, वाद नको.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी: पश्चिमेच्या दाराने बाहेर पडा. टेकडी गणपतीचं मंदिर आणि किल्ल्याची टेकडी तिथून पायी जाण्याइतकी जवळ आहे. या अंतरासाठी ऑटोवाला जे मागतो ते देणं म्हणजे लूट करून घेणं. संत्रा मार्केटच्या बाजूला उतरलात तर ऑटो हमखास लांबून फिरवतो. त्यापेक्षा तिथून मेट्रो धरा. कॉटन मार्केट सोडलं की पुढचं स्टेशन सीताबर्डी.

आता किल्ल्याबद्दल. "भोसल्यांचा किल्ला" म्हणून गेलात तर फसाल. ही तटबंदी इंग्रजांनी लढाई जिंकल्यानंतर बांधली. नोव्हेंबर 1817 मध्ये इथे होत्या फक्त दोन उघड्या टेकड्या. दक्षिणेची मोठी, उत्तरेची छोटी, मधे अरुंद खिंड आणि पश्चिमेला इंग्रज रेसिडेन्सी, म्हणजे नागपूर दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं. मे 1816 मध्ये तैनाती फौजेच्या तहाने गमावलेलं स्वातंत्र्य परत मिळवायला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचं सैन्य 26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी या टेकड्यांवर चालून आलं. लढाई 27 च्या दुपारपर्यंत चालली.

वर पोचल्यावर बहुतेक लोक शहराचे फोटो काढतात आणि उतरतात. तसं करू नका. आधी उत्तरेकडे छोटी टेकडी कुठे आहे ते बघा, कारण सगळी लढाई तिथे फिरली. ती मोठीपेक्षा बुटकी, पण बंदुकीच्या टप्प्यात. 27 च्या सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी ती काबीज केली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीवर वळवली. विजय हाताशी आला होता. मग इंग्रजांकडच्या कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने खाली मैदानात भोसल्यांच्या तोफा हिसकावल्या, छोट्या टेकडीवर अरबांच्या मधोमध दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि त्या गोंधळात इंग्रज पायदळाने ती परत घेतली. दोन टेकड्यांमधलं अंतर स्वतःच्या डोळ्यांनी मापलं की कळतं, छोटी टेकडी गेल्यावर मोठीवरच्यांना जागाच का उरली नव्हती.

आत इंग्रज सैनिकांच्या कबरी आहेत, आणि 1911 मध्ये पंचम जॉर्ज नि राणी मेरी इथून नागपूरकरांपुढे आले त्याची खूणही आहे. ते झटकन बघून पुढे चला. थांबायचं ते नवगज अली बाबांच्या दर्ग्याशी. जून 1857 मधल्या उठावाचा बेत फुटल्यावर त्याच्या पुढाऱ्यांना याच किल्ल्यावर फाशी दिली, आणि त्यांचं दफन इथे झालं अशी इथली परंपरा आहे. डोकं झाका, चपला बाहेर काढा.

तारीख जुळत नसेल, तर सीताबर्डीवर फाटकाबाहेर उभं राहून वेळ घालवू नका. थेट महाल या जुन्या वस्तीत गांधी गेटला जा. आमच्या मते या युद्धाचं नागपुरातलं खरं स्मारक तेच, आणि बाहेरून येणारे नेमकं तेच चुकवतात. हा जुना जुम्मा दरवाजा. 16 डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही अरबांनी शहर सोडलं नाही. 24 डिसेंबर 1817 ला इंग्रज सेनापती डव्हटनच्या फौजेने या दरवाजावर हल्ला केला आणि तो फसला. तोफा, शिस्त, ताज्या विजयाची घमेंड, सगळं असून इंग्रज इथून मागे हटले. अरब शहराबाहेर पडले ते महिनाअखेरीस, स्वतःच्या अटींवर.

जाताना गांधीसागराच्या, म्हणजे जुन्या जुम्मा तलावाच्या बाजूने चालत या. समोर तलाव, मागे दाट वस्ती, मधे दरवाजा: हल्ला करणाऱ्याला कसं अडवलं असेल ते पायांनाच समजतं. चारचाकी घेऊन महालात शिरू नका, गल्ल्यांत अडकाल. सकाळी दुकानं उघडायच्या आत पोचा. नंतर गर्दीत आणि टांगलेल्या फलकांत दरवाजाची कमान धड दिसतही नाही. तिकीट नाही, सुट्टी नाही, अर्धा तास पुरतो.