क्लाउनफिशची जोडी लावताना नर-मादी नव्हे, माप बघा

क्लाउनफिश, म्हणजे समुद्रफुलात राहणारा खाऱ्या पाण्यातला छोटा मासा, घ्यायला दुकानात जाऊन ‘एक नर, एक मादी द्या’ म्हणणारे पुष्कळ आहेत आणि बिनदिक्कत ‘हीच जोडी’ म्हणून देणारेही. दोन-तीन सेंटिमीटरच्या ऑसेलारिसबद्दल (क्लाउनफिशची एक जात) असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या वयात क्लाउनफिश ना नर असतो ना मादी.

जात ऑसेलारिस असो, पर्क्युला असो की मरून, गटात जो सर्वांत मोठा आणि दांडगा तो मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर होतो आणि बाकीचे ताटकळत राहतात. मादी मेली की नर काही आठवड्यांत ते महिन्यांत मादी बनतो आणि खालचा एक वर सरकतो. उलटा प्रवास मात्र नाही. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही, आणि जोडी लावतानाच्या बहुतेक मारामाऱ्यांचं मूळ इथेच आहे. पूर्ण वाढलेल्या दोन माद्या एका टँकमध्ये सोडल्या तर त्यांच्यापैकी कुणीच माघार घेऊ शकत नाही. समुद्रात हरलेला मासा निदान ज्या समुद्रफुलात (सी ॲनिमोनमध्ये) गट राहतो ते सोडून जाऊ शकतो. टँकमध्ये चारही बाजूंना काच.

हुकूमत टिकते ती मापाच्या फरकावर. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीमधल्या पर्क्युलांवर केलेला अभ्यास २००३ साली ‘नेचर’मध्ये आला. खालच्या क्रमांकाचा मासा स्वतःची वाढ आवरून धरतो आणि वरच्याला गाठत नाही, असं त्यात दिसलं. या पर्क्युलांमध्ये वरचा मासा लागून खालच्यापेक्षा साधारण सव्वापट लांब असतो. दोघांची लांबी जवळ आली की भांडण पेटतं. एकाच टँकमध्ये वर्षभर राहूनही नर बारकाच दिसतो, तो आजारी नसतो. त्याला वेगळं चारून ‘भरून काढायला’ जाऊ नका.

विकत घेताना दोनच गोष्टी खात्रीच्या. एक, एकाच खेपेची दोन-तीन सेंटिमीटरची पिल्लं एकदम, एकाच दिवशी सोडा, मोठं कोण हे ती आपसांत ठरवतात. दोन, एक सहा-सात सेंटिमीटरचा आणि दुसरा साडेतीन-चारचा घ्या. लहान मासा मोठ्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश असला की बरं. पाच-पाच सेंटिमीटरचे दोन ‘छान, भरलेले’ मासे ही सर्वांत वाईट निवड, आणि नेमकी तीच जास्त होते. शक्य असेल तर समुद्रातून पकडलेले नव्हे, हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढलेले मासे घ्या. आपल्याकडे तमिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आणि ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाउनफिशचं प्रजनन झालेलं आहे. असे मासे टँकच्या पाण्याला आणि कोरड्या खाद्याला सरावलेले असतात.

ऑसेलारिसच्या जोडीला ८०-१०० लिटरचा टँक पुरतो. तापमान २५ ते २७ अंश, खाऱ्या पाण्याची विशिष्ट घनता १.०२५. समुद्रफूल नसलं तरी चालतं. तिसरा क्लाउनफिश मात्र नको, जोडी जमली की तो मार खातो.

जुन्या माशाजवळ नवा सोडायचा असेल तर आधी टँकमधल्या दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्याची हद्द मोडते. नव्याला भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात सात ते चौदा दिवस ठेवा. काचेपलीकडून झडप घालणं थांबलं की दिवे मंद करून सोडा. पहिले दोन-तीन दिवस पाठलाग आणि हलके चावे चालायचेच. लहान मासा अंग तिरपं करून थरथरू लागला तर निश्चिंत व्हा, तो शरण आलाय. तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून राहिला, खायला खाली येईना किंवा शेपटीच्या चिंध्या झाल्या तर त्याच दिवशी दोघांना वेगळं करा. इथे एक युक्ती बहुतेक वेळा लागू पडते. या वेळी डब्यात दादागिरी करणाऱ्याला टाका. आठवडाभर टँक लहानग्याच्या ताब्यात राहिला की पुन्हा सोडल्यावर मोठ्याचा जोर निम्मा उतरलेला असतो. दोनदा करूनही जमलं नाही तर मासा बदला. त्या दोघांचं जमत नाही, इतकंच.

मरूनच्या बाबतीत घाई करू नका. मादी पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाते, नर त्याच्या निम्माही नसतो. तिच्याजवळ लहान मासाच, आणि डब्यातूनच.

जोडीतला एक मेला तर उरलेला नर की मादी याचा शोध घेत बसू नका. त्याच्याहून बराच लहान आणा. उरलेली मादी असेल तर नवा नर होईल, उरलेला नर असेल तर तो मादी होईल आणि नवा त्याची जागा घेईल. दोन्ही वाटा एकाच खरेदीकडे जातात.

जोडी जमल्याची खूण म्हणजे रात्री दोघे एका कोपऱ्यात लागून झोपतात, दिवसा एकमेकांपासून फार लांब जात नाहीत. रंगावरून ऑसेलारिसचं लिंग ओळखता येत नाही. टोमॅटो क्लाउनमध्ये मात्र मादीच्या अंगाच्या बाजू काळपट होतात. अंडी घालायच्या आधी पोटाखालची नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. त्या सुमारास दोघे दगड चावून घासू लागतात, म्हणून तिरपी ठेवलेली कौलाची फरशी किंवा मातीचं कुंडं आधीच तिथे असू द्या. अंडी नारिंगी असतात, २७ अंशांना सात-आठ दिवसांत रुपेरी डोळे दिसू लागतात आणि दिवे मालवल्यावर पिल्लं बाहेर पडतात. राखण मुख्यतः नर करतो. हात घातलात तर चावा मात्र मादीचा.