पाणी धरणारा कागद: आमची वाटचाल

बाबांनी रबाळे एमआयडीसीत हातकागदाचा गाळा घेतला, तेव्हा लग्नपत्रिका, फायली आणि पिशव्या एवढंच डोळ्यांसमोर होतं. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतली कात्रणं पोत्यांनी यायची, त्यांचा निळसर करडा कागद व्हायचा आणि चांगला खपायचा. चित्रकारांसाठी कागद करायचं आमच्या मनात आणलं ते ठाण्यातल्या एका चित्रकला शिक्षकांनी.

सर रविवारी पहाटे तलावपाळीवर जलरंगात काम करायचे. मी हौसेने आमचे दहा पांढरे ताव त्यांना दिले. पुढच्या रविवारी त्यांनी त्यातला एक माझ्यासमोर धरला. पहिलाच वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टीपकागदावर शाई पडावी तसा पसरला होता, आणि मागच्या बाजूला डाग फुटला होता. "अगं, कागद देखणा आहे, पण हा पाणी धरत नाही, पिऊन टाकतो." या एका वाक्यापायी आमची पुढची सहा वर्षं गेली.

कागद पाणी धरतो तो खळीमुळे. कारखान्यात आम्ही तिला सायझिंग म्हणतो. आपल्याकडे जुने कारागीर कागदाला पिठाची खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटायचे. बोरूसाठी तो उत्तम, पण ओल्या कुंचल्याचा मारा सोसणं त्याच्याकडून कुणी मागितलंच नव्हतं. इटलीतल्या फाब्रियानोच्या कागदकारांनी तेराव्या शतकात पिष्ट सोडून जनावरांपासून काढलेलं जिलेटिन धरलं, कारण पिष्टाच्या खळीने कागद लवकर खराब व्हायचा. फ्रान्समध्ये मोझेल नदीकाठची आर्श मिल १४९२ पासूनची. तिथल्या जलरंगाच्या कागदाला आजही जिलेटिनच असतं. इंग्लंडात मेडस्टोनजवळ व्हॉटमन घराण्याच्या मिलचा कागद इंग्रज चित्रकार टर्नर वापरायचा. त्यावर रंग पुसून काढावा, खरवडावा, तरी कागद टिकायचा. हे वाचल्यावर मला राहवेना. आई शुद्ध शाकाहारी. तिने एवढंच सांगितलं, "घरातलं पातेलं त्याला लावू नका."

आधी कच्चा माल बदलला. जीन्सच्या कात्रणांत लायक्राचे धागे येतात, ते कुटले जात नाहीत आणि तावावर गाठी दिसतात. म्हणून तिरुपूरच्या बनियन कारखान्यांतली पांढरी सुती कात्रणं मागवायला लागलो. खळीसाठीची राळ आणि तुरटीही बंद केली. त्यांच्या आम्लाने कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. बीटरमध्ये, म्हणजे कुटायच्या यंत्रात, लगदा किती वेळ कुटायचा यावर बाबा आणि मी महिनोन्‌महिने भांडलो. कमी कुटला तर कागद लुसलुशीत राहतो, जास्त कुटला तर पापडासारखा खडखडतो आणि वाळताना आक्रसतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत जाऊन आले, तेव्हा तिथला लगदा बोटांत धरून पाहिल्यावर कुठे मला नेमकं कळलं.

पण सगळ्यात मोठा फटका जुलैने दिला. दोनशे ताव कोमट जिलेटिनमध्ये बुडवून दोरीवर टांगले. चार दिवस पाऊस उघडलाच नाही. ताव वाळले नाहीत, आंबूस वास सुटला, पाचव्या दिवशी काळे ठिपके. बुरशीने सगळी थप्पी गेली. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. युरोपातल्या मिलची कृती आम्ही घेतली, पण तिथली हवा काही रबाळ्यात येणार नव्हती.

तेव्हापासून जिलेटिनचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि होळीला थांबतं. पावसाळ्यात फक्त पिशव्या आणि पत्रिका. जूनमध्ये कुणी जलरंगाचे ताव मागितले तर शिल्लक असतील तेवढेच देतो, नाहीतर नाही म्हणतो. आमचे सर्वांत जुने कारागीर, काका, प्रत्येक घाण्यातल्या एका तावाच्या कोपऱ्याला जीभ लावून बघतात: जीभ चिकटली तर खळ कमी. ही परीक्षा कागदकारांत फार जुनी आहे, आणि काकांची जीभ अजून चुकलेली नाही.

हंगामाचा पहिला ताव सरांकडे जातो. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), २२ बाय ३० इंच. यंदाच्या तावावर त्यांनी गडकरी रंगायतनच्या बाजूचा तलावाचा काठ रंगवला. पाण्यातला उजेड काढायला वाळलेला निळा रंग ओल्या कुंचल्याने चार वेळा घासून उचलला. खालून पांढरा कागद निघाला, आणि एकही तंतू सुटला नव्हता.