माणूस आत बोलवा

बुधवार म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रांचा दिवस. त्या बुधवारी साताऱ्यात पाऊस कोसळत होता, तरी पाटण-जावळीकडची माणसं पहिल्या एसटीनं येऊन व्हरांड्यात टेकलेली. मी मानसोपचारतज्ज्ञ. बौद्धिक अक्षमतेचे अर्ज माझ्याकडे. एक वाजत आला तसा क्लार्क म्हणाला, "सर, कागद पूर्ण आहेत, आयक्यूचा रिपोर्टही आहे. सही करून टाका, माणूस कशाला आत बोलवायचा?"

आधीच्या दोन अर्जांवर मी तशीच सही केली होती. तिसऱ्याला हात थांबला.

एमडीला असताना नाझी जर्मनीतल्या डॉक्टरांवर सेमिनार दिला होता. असाध्य ठरवलेल्या रुग्णांना मारायची मुभा डॉक्टरांना देणाऱ्या एका पत्रावर हिटलरनं १९३९ च्या ऑक्टोबरात सही केली, तारीख मात्र मागची टाकली, १ सप्टेंबरची. मग मनोरुग्णालयांना फॉर्म गेले. रुग्ण कोणतं काम करतो, हा त्यातला एक रकाना. तिघे तज्ज्ञ फॉर्म तपासायचे, रुग्णाला न बघता. लाल अधिक म्हणजे मरण, निळं वजा म्हणजे जगू द्या. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर माणसं गॅसनं मारली. पुढं तेच काम उपासमारीनं आणि औषधांच्या जादा डोसनं चालू राहिलं. आणि त्या तज्ज्ञांत मानसोपचाराचे प्राध्यापक होते. माझ्याच विषयाचे.

"बोलवा आत," म्हटलं.

सव्वीस वर्षांचा मुलगा आणि त्याची आई.

"काय काय येतं याला?"

"काय बी येत न्हाय, सायेब. निस्ता बसून आसतो."

तोवर पोरानं तिची ओली छत्री दाराबाहेर झटकली, घड्या नीट बसवल्या, पट्टी गुंडाळून बटण लावलं. ती दबक्या आवाजात खेकसली, "गप बस की रं!" टक्के कमी पडले तर पेन्शन जाईल, असं कुणीतरी पढवून पाठवलेलं असणार. जर्मनीतल्या त्या फॉर्मवर हेच उत्तर पोराच्या जिवावर आलं असतं. इथं ते त्याच्या पोटासाठी होतं.

"मावशी, खरं सांगा. टक्के रिपोर्टवरनं ठरतात, कापणार नाही."

"म्हशीला पाणी दावतो. दूध उतू जाया लागलं की हाक मारतो." मग घाईनं, "पर लिवू नगा."

रिपोर्टप्रमाणे ७५ टक्के लिहिले. म्हैस कुठंच लिहिली नाही.

मग आधीच्या दोन फायली परत मागवल्या. एक बाई व्हरांड्यातच होती. दुसरा माणूस कराडच्या गाडीनं निघून गेला होता.